घरात आणखी कोण राहतं?

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी डिम्फ्ना टियर्नन कॉलेजातून घरी आली, तेव्हा दाराशी सरकारी खाकी पाकीट पडलं होतं. कोट न काढताच तिने ते फोडलं. शिक्षणभत्त्याची फेरतपासणी आहे, शुक्रवारी अकरा वाजता शहरातल्या ऑफिसात यावे, घरात राहणाऱ्या व्यक्तींबाबत खुलासा करावा. एवढंच. खाली एक सही, तीही वाचता न येणारी.

घरात राहणाऱ्या व्यक्ती! घरात ती होती आणि एक म्हातारी मांजर होती.

डिम्फ्ना सत्तेचाळीस वर्षांची. शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं कॉलरी शिवल्या, मग कारखानाच परदेशी गेला आणि ही घरी बसली. लग्न झालेलं नाही, भाऊ ऑस्ट्रेलियात. बेकारभत्ता घेणाऱ्यांना पुन्हा पूर्णवेळ शिकायचं असेल तर सरकार तेवढ्याच रकमेचा शिक्षणभत्ता देतं, हे कळल्यावर तिने नर्सिंगला नाव घातलं. वर्गातल्या पोरी पहिल्या वर्षी तिला आजी म्हणायच्या, दुसऱ्या वर्षी तिच्याच वह्या उतरवून घेऊ लागल्या. पण हा भत्ता तिला एकटी बाई म्हणून मिळत होता. घरात कमावता पुरुष असला की त्याची कमाई धरली जाणार आणि भत्ता गेलाच म्हणून समजा. भत्ता गेला की बस नाही, पुस्तकं नाहीत, नर्सिंग नाही.

म्हणजे कुणीतरी चुगली केली होती. आयर्लंडात परक्यांचं राज्य शेकडो वर्षं होतं, आणि त्या काळापासून लोक खुन्याला एक वेळ घरात घेतील पण चुगलखोराला दारात उभं करणार नाहीत. तरीही प्रत्येक गावाने एकेक जपून ठेवलेला असतोच. तिच्या ड्रमकील गावातला कोण, एवढाच प्रश्न होता.

आणि पाहिलं तर सगळेच तसे दिसायला लागले. दुकानवाली ऊना मॅकमॉरो घ्या. कारखान्यात बावीस वर्षं शेजारच्या मशीनवर बसलेली मैत्रीण. तिनेही भत्त्याचा अर्ज केला होता आणि तिचा नाकारला गेला होता. गेल्याच आठवड्यात दूध देताना ती डोळे बारीक करून म्हणाली होती, "काय गं, यंदा शेगडी कोण पेटवतंय तुझी?" बसचा ड्रायव्हर काहल हल्ली रोज विचारायचा, "आजही एकटीच?" एवढंच काय, रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादर लॅव्हिन तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले होते, "उशिरा का होईना, देव देतो बरं." तिला वाटलं होतं ते नर्सिंगबद्दल बोलतायत.

बघण्यासारखं होतं तरी काय? तर यूजीन गिलमार्टिनची जीप. यूजीन हा दोन शेतं पलीकडचा शेजारी. बावन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, गुरं राखणारा आणि सकाळी डेअरीची दुधाची गाडी चालवणारा. त्याची आई नोनी शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. डिम्फ्ना रोज संध्याकाळी जाऊन तिला कूस बदलून द्यायची, अंग पुसायची. नोव्हेंबरात नोनी गेली. त्या सगळ्याची फेड म्हणून यूजीन तिच्याकडे जळणाचं टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, आणून टाकायचा, भिंतीशी नीट रचायचा आणि उभ्या-उभ्या चहा पिऊन जायचा. सव्वा वर्षात तो एकदाही तिच्या खुर्चीवर टेकला नव्हता. जीप मात्र फाटकाशी उभी असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याने डोळे भरून बघावी अशी.

बुधवारी तो आला तेव्हा ती फाटकातच उभी राहिली.

"यूजीन, जीप इथे लावू नकोस."

"मग कुठे लावू?"

"कुठेच नको. येऊच नकोस तू."

तो कानापर्यंत लाल झाला. हातातल्या टोपीकडे बघत म्हणाला, "बरं. समजलो." आणि टर्फ न उतरवताच निघून गेला. समजलो? काय समजला हा? तिने तर काहीच सांगितलं नव्हतं. तिला यूजीनचाही संशय येऊ लागला. रोज पहाटे पन्नास घरांशी गाडी थांबवणारा माणूस, काय बोलत असेल कुठे कुणास ठाऊक.

गुरुवारी मांजरीचं खाणं घ्यायला ती ऊनाच्या दुकानात गेली.

"दूध नको आज?" ऊनाने विचारलं.

"वरच्या गावातून आणलंय."

"तीन मैलांवरून? का गं बाई, माझं नासलंय?"

"दूध नाही, तुझी नियत नासलीय. ऑफिसला पत्र लिहिलंस ना माझ्याबद्दल?"

ऊनाच्या हातातला डबा तसाच राहिला. "कारखान्यात तुझी सुई मोडली की मी माझी काढून द्यायचे, डिम्फ्ना. आणि मला चुगलखोर म्हणतेस? चालती हो इथून." तिचे डोळे भरून आले होते. डिम्फ्नाला वाटलं, नाटकं आहेत सगळी.

शुक्रवारी अकराला ती ऑफिसात होती. हॅनरॅटी नावाचे अधिकारी सडपातळ, सर्दीने बेजार आणि फार सभ्य होते. अशा सभ्य माणसांची तिला जास्त धास्ती वाटायची.

"घरात आणखी कोण राहतं, बाई?"

"कुणी नाही. आधी मला सांगा, माझ्याबद्दल लिहिलं कुणी?"

"कुणीही लिहिलं नाही." त्यांनी नाक पुसलं आणि फायलीतून एक कात्रण काढलं. "मी दर आठवड्याला निधनवार्ता वाचतो. माणसं जिवंतपणी आमच्यापासून जे लपवतात, ते कुणी गेलं की पेपरात छापून मोकळी होतात."

नोनीची निधनवार्ता होती ती. डिम्फ्नाने ती आजवर वाचलीच नव्हती. जिचे डोळे आपल्या हातांनी मिटले तिच्या मरणाची बातमी पेपरात कशाला शोधायची? 'शोकाकुल: कन्या फिलोमिना आणि टॉम, पुत्र यूजीन आणि डिम्फ्ना, नातवंडं...'

या बातम्यांची एक ठरलेली रीत आहे. लेकीच्या नावाला जोडून तिचा नवरा, लेकाच्या नावाला जोडून त्याची बायको, नाहीतर तो जिच्याबरोबर राहतो ती. कितीही सेवा केलेली असो, शेजारीण येते ती शेवटच्या ओळीत, स्नेह्यांबरोबर. आणि हे नुसतं छापलं नव्हतं. जिल्ह्याच्या रेडिओवर मयतांची यादी वाचतात, ती सगळा जिल्हा हातातला चहा थांबवून ऐकतो. ऊनाने ऐकलं होतं, काहलने ऐकलं होतं, फादरनी तर नक्कीच. सगळा हिवाळाभर ती माणसं वाट बघत होती, ही आपणहून गोड बातमी कधी सांगते याची. आणि हिने ऊनाच्या तोंडावर काय फेकलं होतं! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की खुर्चीतून उठून जावंसं वाटलं.

"चूक झालीय छापण्यात," ती कशीबशी म्हणाली.

"असेलही. मग ज्यांनी मजकूर दिला त्यांच्याकडून तसं लेखी आणा, सोमवारपर्यंत. नाहीतर भत्ता थांबवावा लागेल."

बसमधून उतरून ती थेट गिलमार्टिनच्या गोठ्यावर गेली. यूजीन गुरांना चारा टाकत होता. तिने कात्रण पुढे धरलं.

"हे कुणी दिलं पेपरात? फिलोमिनाने?"

त्याने ते लांबूनच ओळखलं. "नाही. मी. ती म्हणत होती, डिम्फ्नाला शेवटच्या ओळीत घालू. मी वर घेतलं."

"मला न विचारता?"

"विचारायचंच होतं. म्हणजे हेच विचारणं होतं." तो फावड्याच्या दांड्याशी बोलत होता. "वाटलं, तू वाचशील. मग काहीतरी बोलशील. बरं नाहीतर वाईट."

"मी वाचलंच नाही, गाढवा!"

"परवा तू जीप नको म्हणालीस. मला वाटलं, आलं उत्तर."

बावन्न वर्षांत या माणसाने एकच धाडस केलं, तेही आईच्या निधनवार्तेत, आणि जिच्यासाठी केलं ती सोडून साऱ्या जिल्ह्याने ते वाचलं. तिला हसू येत होतं, संताप येत होता, आणि त्याच्या खाली काहीतरी ऊबदार हलत होतं जे तिला आत्ता अजिबात नको होतं. तिने त्याला पाकिटापासून हॅनरॅटीपर्यंत सगळं सांगितलं.

त्याने हात धुतले, तिला आत नेलं आणि टेबलावर कागद घेऊन बसला. "सांग काय लिहू."

"लिही, मी आणि डिम्फ्ना टियर्नन एका घरात राहत नाही."

त्याने लिहिलं.

"कधी राहिलोही नाही."

तेही त्याने लिहिलं.

"शेजारपणाखेरीज आमच्यात काही नाही."

पेन थांबलं. "हे लिहायलाच हवं?"

"हवं. नाहीतर तो ऐकायचा नाही."

"किती दिवस खरं राहायला हवं हे?"

"पदवी मिळेपर्यंत. दोन वर्षं चार महिने." रडू कोसळणार असं तिला वाटलं म्हणून ती खिडकीकडे वळली. मागे पेन पुन्हा चालू झालं, हळूहळू. सही झाली. तिने कागद घेतला. जे मागायला आली होती ते मिळालं होतं, आणि तरी तिचा पाय दारातून निघेना.

"यूजीन, तोवर तू थांबशील?"

त्याने पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं. "ते विचारू नकोस, डिम्फ्ना. मी उत्तर दिलं तर तो कागद खोटा पडेल."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उभ्या जीपच्या शेजारून, शेतातल्या वाटेने पायी घरी गेली.