एकाच जागचा डाग

लग्नानंतर आमच्या ह्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की सरळ बघायचं नाही. घराच्या मागच्या अंगणात दुर्बीण लावून मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "अंधुक वस्तू बघायची ना, तर तिच्याकडे बघू नकोस. जरा बाजूला बघ. मग ती आपोआप दिसते." मी बाजूला बघितलं, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे खरंच कापसाचा पुंजका उमटला. सरळ बघितलं की गायब. मी म्हटलं, "तुमच्या भावंडांसारखंच आहे हे. काम सांगायला गेलं की दिसेनाशी होतात." हे पोट धरून हसले. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून हसले होते. हे मला आत्ता आत्ता आठवायला लागलंय.

त्या पुंजक्याला दीर्घिका म्हणतात. अब्जावधी ताऱ्यांचा मेळा, पण इतका लांबचा की आपल्याला नुसता धूर दिसतो. हे सकाळी आणि दुपारी शाळेची व्हॅन चालवतात आणि अंधार पडला की दीर्घिकांची चित्रं काढतात. मी पुढच्या खोलीत लाँड्री चालवते. मुलगी उजाडायच्या आत कामाला जाते, म्हणून तिची पोर आमच्याकडेच असते. सगळे तिला चिमणी म्हणतात. तोंडाला क्षणाची विश्रांती नसते, म्हणून.

पूर्वी हे दुर्बिणीला डोळा लावून चित्र काढायचे. मग कुरकुर सुरू झाली की आकाश पूर्वीसारखं राहिलं नाही, गावभर दिवे झालेत, काही म्हणून दिसत नाही. मीही त्या दिव्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटी दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा बसवला. त्याची वायर मागच्या खिडकीतून आत आली, टेबलावर स्क्रीन आला. कॅमेरा उजेड थेंबाथेंबाने साठवतो. आधी दीर्घिकेचा मधला गाभा उजळतो, मग हळूहळू कडेचे हात उमटतात. हे समोर बसून काळ्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने ते उतरवणार, बोटाने पुसून धूर करणार. मी एकदा विचारलं, "स्क्रीनवर आयतं चित्र आहे, मग हा उपद्व्याप कशाला?" तर म्हणाले, "कॅमेरा नुसता गोळा करतो. बघतो तो माणूस."

चित्र पुसलं जाऊ नये म्हणून त्यावर केसांचा स्प्रे मारायचा आणि वाळायला माझ्या दोरीवर, गिऱ्हाइकांच्या शर्टांच्या शेजारी, चिमट्याने टांगायचं. एका गिऱ्हाइकाने विचारलंही होतं, शर्टाला पार्लरचा वास कसा येतो म्हणून. मी सांगितलं, नवीन साबण आहे.

या थंडीत मात्र स्वारी हवेत होती. त्यांच्या चित्रात दीर्घिकेच्या गाभ्यात एक काळसर डाग यायला लागला. कॅमेऱ्यात तो नव्हता. आकाश बघणाऱ्यांच्या मंडळाचे म्होरके, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी फोनवर तोंडभर कौतुक केलं. धुळीचे ढग असणार, म्हणाले. कॅमेरा झगमगाटात ते हरवून बसतो, कसलेली नजर पकडते. मंडळाच्या प्रदर्शनात सगळी चित्रं पहिल्या भिंतीवर लावू, असंही म्हणाले. त्या दिवसापासून ह्यांचे पाय जमिनीला लागेनात.

मी त्या कौतुकात इतर गोष्टी पोटात घातल्या. चहा कपात ओतताना बशीत जायचा. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायचे. व्हॅनच्या डाव्या अंगाला लांबलचक ओरखडा आला, तर म्हणे खांब मध्येच आला. खांब कधीपासून चालायला लागले, असं मी म्हटलंसुद्धा, आणि इस्त्री करायला गेले. मोठा माणूस झाला की असं होत असेल, दुसरं काय.

मग काल संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. प्रदर्शनासाठी ह्यांनी सगळी चित्रं एका रांगेत टांगली होती. डाव्या टोकाला मागच्या वर्षीची, उजवीकडे येत येत परवाची. कुठली दीर्घिका गोल, कुठली चपटी, कुठली कुशीवर निजल्यासारखी तिरपी. डावीकडची चित्रं स्वच्छ होती. मग एकात मधोमध पुसटसा डाग. पुढच्यात जरा गडद. त्याच्या पुढच्यात आणखी मोठा. गोल असो की चपटी, डाग मात्र तिथेच, मधोमध.

माझा सारा जन्म डाग काढण्यात गेलाय. एका शर्टावर डाग असेल तर तो शर्टाचा. पण दहा जणांच्या दहा शर्टांवर एकाच जागी डाग यायला लागला, तर शर्ट घासत बसायचं नसतं. इस्त्री उलटी करून बघायची असते.

मी मागच्या खोलीत गेले. हे अंगणात दुर्बिणीची दिशा लावत होते. मी फडक्याने स्क्रीन पुसला. स्क्रीनवर देवयानी दीर्घिका उमटत होती आणि तिचा गाभा दिव्यासारखा लख्ख होता. स्क्रीनला डाग नव्हता. कॅमेऱ्यालाही नव्हता. मग उरलं कोण?

चिमणी तिथेच जमिनीवर पसरून अभ्यास करत होती. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "काय गं, आजोबा गाडी कशी चालवतात?"

"मस्त! आमचा खेळ असतो ना," ती वर न बघता म्हणाली. "मी पुढे बसते. सिग्नल आला की मी ओरडते, लाल! हिरवा! कुणी आडवं आलं की म्हणायचं, माणूस! कुत्रा! आजोबा म्हणतात, माझ्याइतकं झटपट कुणाला जमत नाही. म्हणून पुढची सीट माझी."

"आणि मागे?"

"मागे बाकीची सगळी. त्यांना नाही घेत खेळात."

मी तिला पुढच्या खोलीत जाऊन अभ्यास करायला सांगितलं.

हे आत आले, हात चोळत खुर्चीवर बसले, पेन्सिल उचलली. मी स्क्रीनवर बोट ठेवलं, अगदी गाभ्यावर. "इथे काय आहे?"

ह्यांनी मान किंचित कलती केली. "गाभा."

"मान सरळ करा. सरळ बघून सांगा."

"सरळ बघायचं नसतं. इतकी वर्षं झाली, तुला अजून—"

"ते अंधारात हो. दुर्बिणीत. हा स्क्रीन आहे, समोर ढळढळीत उजेड आहे. सांगा."

मी खुर्ची ओढून त्यांच्या पुढ्यात बसले, गुडघ्याला गुडघा लागेल अशी. "बरं, दीर्घिका राहू द्या. माझ्याकडे बघा. सरळ."

किती तरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत मी नव्हतेच.

"काय दिसतं?"

"केस," ते म्हणाले. "कानातलं. खांद्यावर टॉवेल आहे."

"आणि मध्ये?"

पेन्सिल त्यांच्या बोटांत फिरत राहिली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. दोन्ही गिळून मी विचारलं, "कधीपासून?"

"सरळ बघितलं की नाहीसं होतं, हे काय मला नवीन आहे?" ते अगदी हळू म्हणाले. "सगळा जन्म तेच बघत आलो. रात्रीचं दिवसाही व्हायला लागलं, तेव्हा वाटलं सवय लागली. बाजूला बघितलं की दिसतं ना! मग कशाला बाऊ करायचा?"

"व्हॅनमध्ये पोरं असतात."

"रस्ता मला पाठ आहे."

"रस्त्यावर येणारी माणसं पाठ आहेत का?"

आता त्यांचा आवाज चढला. "प्रदर्शन होऊ दे. मग जातो डॉक्टरकडे. आत्ता गेलो तर मास्तरांना काय सांगू? धुळीचे ढग माझ्या डोळ्यात होते म्हणून? लोक हसतील. आणि व्हॅनचं म्हणशील, तर चिमणी आहे माझ्याबरोबर. पोरीची नजर घारीसारखी आहे. आजवर एकदा तरी चुकली का?"

त्यांनी खिशावर हात ठेवला. किल्ली तिथे होती. ती हिसकावून घ्यावी की त्यांच्या पाया पडावं, मला कळेना. पहाटे उठून ते माझ्याआधी बाहेर पडले असते, तर मी काय करणार होते? गल्लीच्या टोकाला दप्तरं घेऊन उभी राहणारी ती पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यातल्या निम्म्यांचे गणवेश माझ्याच हातून जातात.

दार ढकललं गेलं. चिमणी. दारामागे कान लावून उभी असणार. अर्धवट ऐकलेलं असलं की तिला दम निघत नाही.

"आजोबा, मी चुकते कधी कधी," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "मुद्दाम!"

"म्हणजे?" ह्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"आज मोठ्या चौकात लाल होता. मी हिरवा म्हटलं. तुम्ही फसलात! कळलंच नाही तुम्हाला." ती टाळ्या पिटत होती. "तो ट्रकवाला केवढ्यांदा हॉर्न वाजवत होता, आठवतंय? मागची पोरं तर सगळी खाली पडली. मजा आली की नाही?"

ह्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. स्क्रीनवर देवयानीचे हात आता पुरते उमटले होते. चिमणीचं हसू हळूहळू उतरलं, ती माझ्याजवळ येऊन टॉवेलला बिलगली.

ह्यांनी खिशातून किल्ली काढली. माझ्यापुढे धरली, पण माझ्या हातापासून वीतभर बाजूला, हवेत. मी हात सरकवून ती घेतली.

"सगळ्या पोरांच्या घरी फोन करायला हवा," ते म्हणाले. "उद्या व्हॅन येणार नाही म्हणून सांगतो मी. माझं मीच सांगतो." मग त्यांनी आपला फोन माझ्याकडे सरकवला. "नंबर तेवढे तू लाव. मला आकडे दिसत नाहीत."