धाकट्याची मेणबत्ती

मी एक जुनं शमादान आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर जळकुकडं आहे. मेणबत्ती लागायची माझ्या भावाच्या डोक्यावर, पण पोळायचो मी.

पॅरिसच्या ओताऱ्यानं आम्हा दोघांना एकाच साच्यातून काढलं. आमच्या ब्राँझच्या अंगावर पानांच्या माळा कोरल्या. मग मुलामा देणाऱ्यानं पाऱ्यात कालवलेलं सोनं आम्हाला फासलं आणि निखाऱ्यावर पारा उडवून दिला. त्या धुरानं बिचाऱ्याचे दात पडले, आमच्या अंगावर मात्र सोनं बसलं. भाऊ माझ्यामागून तयार झाला, म्हणून तो धाकटा.

फिरत फिरत आम्ही फ्रान्समधल्याच तूर शहरात युलाली बाईंच्या घरी आलो. शेकोटीवरच्या फळीवर मधे घड्याळ, खिडकीकडे मी, स्वयंपाकघराच्या दाराकडे धाकटा. त्या दारानंच माझा घात केला. फेब्रुवारीत शांदलरच्या सणाला बाई चर्चमधून पेटती मेणबत्ती हाताआड जपत त्याच दारानं आणायच्या. ती विझली तर वर्ष वाईट जातं, म्हणून लगबगीनं पहिल्या हाताला येईल त्या शमादानात खोचायच्या. तो अर्थात धाकटा! मग त्याच्या उजेडात, बरकतीसाठी मुठीत नाणं धरून, तव्यावरचे क्रेप, म्हणजे पातळ धिरडी, हवेत उडवायच्या.

दुसऱ्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन व्हिनेगर आणि खडूच्या पुडीनं घासत बसायच्या. त्याच्याशी गप्पा मारायच्या. मला काय, तर पिसांचा झाडू! माझा नुसता तिळपापड व्हायचा.

पुढे बाईंचे गुडघे गेले. भाची क्लेमांस म्हणाली, वृद्धाश्रमाच्या खोलीत जोडी मावणार नाही, एकच ठेव, दुसरं विकू. मी मनात म्हटलं, मी कोराकरकरीत, बाई मलाच नेणार.

जुन्या वस्तूंचा जाणकार आला. त्यानं माझी तोंडभरून स्तुती केली. मग धाकट्याला उचलून म्हणाला, "बाई, याचं सोनं तुम्हीच घासून काढलंत. आता नुसतं ब्राँझ उरलंय."

कशी जिरली, असं मला झालं. पण बाईंनी धाकट्याला मांडीवर घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी याला सोलत होते?"

"मावशी, तुला काय ठाऊक," क्लेमांस हळूच म्हणाली.

"मग याला आता दुसरं कोण घेणार? हा माझ्याबरोबर येतो. तो दुसरा खुशाल विका, त्याला काही झालेलं नाही."

आता मी संग्रहालयात काचेमागे असतो. लोक वाकून बघतात, वाहवा करतात. रखवालदाराच्या डब्यातून क्रेपचा वास आला की मला कळतं, शांदलर आला. तिकडे बाईंनी धाकट्याला मेणबत्ती लावली असेल.

मित्रांनो, जुनी वस्तू घासण्याआधी कुणा जाणत्याला विचारा. सोनं एकदा गेलं की परत येत नाही. पण तिला नुसती फळीवर ठेवू नका, वापरा. माझं सोनं अजून शाबूत आहे, तरी मला आजही त्या सोललेल्या धाकट्याचाच हेवा वाटतो.