नंबर प्लेटचा पिवळा दिवा

मी एक दिवा बोलतोय. लगेच डोळ्यांसमोर समई आणू नका. गाडीच्या पुढचा झगझगीत हेडलाईटही मी नव्हे. गाडीच्या मागे, नंबर प्लेटच्या डोक्यावर दोन बारीक दिवे असतात, त्यातला डावीकडचा मी. पाच वॅटचा, बोटाच्या पेराएवढा, काचेच्या पोटात केसासारखी एक तार. तुमच्या गाडीलाही माझे भाऊबंद असतील. कधी बघितलंत त्यांच्याकडे? नाही ना? माझं तेच तर रडगाणं आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा एका परदेशी बनावटीच्या लांबलचक गाडीच्या मागे बसलो होतो आणि शेजारी माझा जुळा भाऊ होता. काम सोपं. अंधार पडला की पेटायचं आणि खालचे आकडे उजेडात ठेवायचे. शेवटचे चार आकडे मला तोंडपाठ, चार शून्य सात एक. पुढचा रस्ता मी कधी पाहिला नाही. मला दिसायचं ते सगळं मागे पडलेलं.

पहिला मालक मुंबईचा. त्याने सात वर्षं गाडी वापरली आणि नरपडच्या दीपेशला विकली. दीपेशची समुद्रालगत चिकूची वाडी, शिवाय तलासरीला फळांच्या खोक्यांचं गोडाऊन. गाडी आली त्या दिवशी त्याच्या बायकोने, भाविकाने, चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. सगळ्यांनी पुढे उभं राहून फोटो काढले. मागे कोण येतंय! माणूस गाडीच्या मागे जातो तो डिकी उघडायला, आणि तेव्हा त्याचं लक्ष पिशव्यांकडे असतं.

तरी माझी तक्रार नव्हती. गाडी मोठी शहाणी होती. आम्ही किती वीज खातो यावर तिचा डोळा असायचा. आमच्यातला एक जरी विझला तरी दीपेशच्या समोर टिंग वाजणार आणि पिवळी अक्षरं उमटणार, नंबर प्लेटचा दिवा तपासा. म्हणजे मालकाला नसली तरी गाडीला आमची किंमत होती.

मग वाणगावला एक लग्न झालं. मांडवाबाहेर दीपेशच्या मावसभावाची नवी कोरी गाडी आमच्या शेजारी लागली. तिची प्लेट दुधासारख्या पांढऱ्या उजेडात न्हाऊन निघाली होती. मावसभाऊ आमच्याकडे बघून म्हणाला, "दीपेश, तुझ्या गाडीला कावीळ झालीय का रे?" सगळे हसले. दीपेशही हसला, पण ते त्याला लागलं. मला तर फारच लागलं.

दुसऱ्याच आठवड्यात गाडी मसोलीला मनिषच्या दुकानात. मनिष गाड्यांची वायरिंग करतो. हाताने हुशार, बोलायला कमी. त्याने आम्हा दोघांना उपटून काढलं. आम्ही उडालो नव्हतो हो, चांगले जिवंत होतो. भाऊ त्याच्या हातातून निसटून लादीवर पडला आणि फुटला. मनिषने पायाने काचा बाजूला सारल्या. मला त्याने दीपेशच्या हातात दिलं, "असू दे, कधी लागला तर." दीपेशने मला डॅशबोर्डच्या खणात टाकलं. पेट्रोलच्या पावत्या, एक सुकलेली सुपारी, पाना आणि मी.

आमच्या जागी एलईडी बसल्या. उजेड झकास. पण गाडी सुरू केली आणि टिंग. पिवळी अक्षरं. दिवा तपासा.

"च्यायला, आता काय?" दीपेश म्हणाला.

"एलईडी वीज कमी खाते ना," मनिष म्हणाला. "गाडीला वाटतं दिवाच नाही."

"मग? रोज हे टिंग टिंग ऐकत बसू?"

मनिषने दोन्ही बाजूंच्या वायरींना एकेक सोनेरी तुकडा जोडला. त्याला रेझिस्टर म्हणतात. त्या बिचाऱ्याचं काम एकच, आमच्या वाट्याची वीज खायची, तापत राहायचं आणि गाडीला सांगायचं की दिवा आहे, सगळं ठीक आहे. अक्षरं गेली. दीपेश खूश.

"दादा, एक सांगतो," मनिष हात पुसत म्हणाला. "आता दिवा खरोखर गेला तरी गाडी बोलणार नाही. अधूनमधून मागे जाऊन बघत जा."

"हो, हो," दीपेश म्हणाला. त्या 'हो हो'ची मला आजही चीड येते.

नरपडची हवा खारी. तिथे दाराच्या कड्या गंजतात, तिथे त्या स्वस्तातल्या एलईडी किती टिकणार? पावसाळ्यात एक गेली, पंधरा दिवसांनी दुसरी. गाडी गप्प. सोनेरी तुकडे इमानाने तापत होते आणि प्लेट काळी झाली होती. खणात पडल्या पडल्या मला ते कसं कळणार? मलाही नंतरच कळलं.

पावसाळा सरत होता, भात पोटरीला आलं होतं, त्या दिवसांतली गोष्ट. दिवेलागणीला दीपेश तलासरीहून आतल्या रस्त्याने घरी येत होता. समोरून एक ट्रक डोळे दिपवत गेला. लगेच डावीकडे धप्प असा आवाज झाला, आणि काहीतरी लोखंडी रस्त्यावर फरफटलं. गाडी थांबली. मी खणात पुढे आपटलो.

दीपेशचा श्वास मला ऐकू येत होता. मागून एका मुलीचा आवाज येत होता, "थांबा, थांबा," आणि पळत येणारी पावलं. मला वाटलं, आता हा दार उघडेल. दार उघडलं नाही. समोरच्या स्क्रीनवर एकही अक्षर नव्हतं. गाडीच्या लेखी काहीच बिघडलेलं नव्हतं. तो "अरे देवा, अरे देवा" म्हणाला आणि त्याने गाडी हाणली.

घरी त्याने सांगितलं की म्हैस आडवी आली. दुसऱ्या दिवशी वापीला जाऊन बंपर बदलून आणला. भाविकाने गाडीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

त्याच सकाळी पाड्यावरून बायकांना घेऊन येणाऱ्या वाडीच्या टेम्पोत रूपी नव्हती. रूपी अकरा वर्षं त्यांच्याकडे चिकू निवडायला येत होती. बाकीच्या बायकांनी सांगितलं, रूपीचा नवरा शुक्रा काल गेला. रस्त्यात कोणीतरी उडवला. दीपेश गाडीला टेकून उभा होता. तो खाली बसला. "चक्कर आली," म्हणाला.

तेव्हा तरी तो बोलेल असं मला वाटत होतं. पण तो बोलला नाही. रूपीच्या घरी तांदळाची गोण पाठवली, आणि जेवण सोडल्यासारखा वागू लागला.

तेरा-चौदा दिवसांनी रूपी स्वतः आली. सोबत तिची मुलगी शितल, तलासरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकणारी. रूपी ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "शेठ, पोलिसात चला ना. आमचं कोण ऐकतंय? तुम्ही बोललात तर ती गाडी शोधतील."

दीपेश काहीतरी पुटपुटला. भाविका आतून म्हणाली, "अहो, घेऊन जा ना त्यांना. एवढी वर्षं आपल्याकडे आहेत."

आणि त्या दोघी त्याच गाडीत बसल्या. मागच्या सीटवर, अंग चोरून. मला काचेचं अंग आहे, पण त्या दिवशी मला घाम फुटल्यासारखं झालं.

 वाटेत दीपेशनेच विचारलं, "शितल, तू होतीस ना सोबत?"

"हो दादा. बाबा मला न्यायला स्टॉपवर आले होते. सायकल हातात धरून चाललो होतो." ती सावकाश बोलत होती. "गाडी पुढे जाऊन थांबली. मला वाटलं मदत करतील. मी पळत गेले. अगदी मागे पोचले होते. दोन लाल दिवे होते आणि मधे सगळं काळं. नंबर दिसलाच नाही. फोनला रेंज नव्हती. अर्ध्या तासाने एक टेम्पो आला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं."

"एवढी शिकवली," रूपी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बापाने मजुरी करून शिकवली. आणि बापाच्या वेळेला हिला चार आकडे वाचता आले नाहीत. काय करायचंय असलं शिक्षण? उद्यापासून हीपण वाडीत येईल शेठ, तिला कामाला घ्या."

"आई, दिवा नव्हता गं," शितल म्हणाली. हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती, तिच्या आवाजावरूनच कळत होतं.

"सगळ्या गाड्यांना असतो," रूपी म्हणाली.

खरं होतं तिचं. सगळ्या गाड्यांना असतो. मी खणात पडून ओरडत होतो, पण दिव्याचा आवाज कोणाला ऐकू येतो?

तिघं पोलीस ठाण्यात गेले आणि थोड्या वेळाने परत आले. साहेब बरे बोलले असावेत. परतताना रूपी तेच ते घोकत होती, "नंबर असता तर दोन दिवसांत गाडी आणली असती म्हणाले. नंबर असता तर." शितल रडत नव्हती. मान खाली घालून बसली होती. बापाच्या मरणाचा दोष त्या पोरीने स्वतःच्या डोळ्यांवर घेतला होता, आणि ज्याचा दोष तो पुढे स्टिअरिंग धरून बसला होता. मला त्याची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि इतकी कीवही.

दोघींना पाड्यावर सोडून दीपेश घरी आला. अंधारून आलं होतं. त्याने दिवे चालू ठेवले आणि खाली उतरला. त्याची पावलं गाडीच्या मागे गेली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. बराच वेळ तो तिथे उभा होता.

मग येऊन त्याने खण उघडला, पावत्या बाहेर फेकल्या आणि मला शोधून काढलं. पाना घेतला, पक्कड आणली, एलईडीचं घर उघडलं. दोन्ही सोनेरी तुकडे त्याने कापून टाकले. डाव्या जागी मला बसवलं. मी पेटलो.  उजवी जागा तशीच राहिली, भाऊ कुठून आणणार? आत स्क्रीनवर टिंग वाजलं. दिवा तपासा. त्याने ते वाजू दिलं.

भाविका पायरीवर आली. "आत्ता काय काढलंय हे?"

तो मागे वळला नाही. "म्हैस नव्हती गं," म्हणाला.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती पायरीवरच बसली. माझ्या उजेडात मला तिचा चेहरा दिसत होता. तिने विचारलं, "रूपीला कोण सांगणार?"

"मीच सांगतो."

"आता सांगून माणूस येणार नाही."

"नाही येणार," दीपेश म्हणाला. "पण ती पोरगी..." 

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही पाड्यावर गेलो. भाविका शेजारी बसली होती, गाडी सगळा रस्ता टिंग टिंग करत होती. दीपेशने रूपीच्या अंगणापाशी गाडी वळवली आणि उलटी घेत घेत तिच्या दारापर्यंत आणली. मला कुडाची भिंत दिसली, दाराजवळ टेकवलेली वाकड्या चाकाची सायकल दिसली. रूपी आणि शितल दारात आल्या. भाविका उतरून बाजूला उभी राहिली, पदर तोंडावर धरून.

दीपेश माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "शितल," तो म्हणाला, "वाच."

शितल पुढे आली. तिने आधी प्लेटकडे बघितलं, मग दोन लाल दिव्यांकडे. ती दोन पावलं मागे सरली, पुन्हा तेवढीच पुढे आली आणि तिथेच थबकली. त्या संध्याकाळी ती बहुधा तेवढ्याच अंतरावर पोचली होती.

"चार," ती म्हणाली. "शून्य. सात. एक."

माझ्या आयुष्यात माझ्या उजेडात कोणी एवढं लक्षपूर्वक वाचलं नव्हतं.

"येतंय की वाचायला," रूपी म्हणाली. तिला अजून कळलं नव्हतं. मग तिने दीपेशच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं.  ती सायकलचा दांडा धरून उभी राहिली.

"त्या दिवशी दिवा नव्हता," दीपेश म्हणाला. "तिची चूक नाही. मी थांबलो होतो आणि मी पळालो. तिची चूक नाही, रूपीबाई."

 भाविका गाडीतून काहीतरी घ्यायला वळली, तेव्हा रूपी म्हणाली, "काही नको. जा इथून." पण शितलचा हात मात्र तिने धरला होता, घट्ट, आणि तो सोडला नाही. तिथून दीपेश सरळ पोलीस ठाण्यात गेला.

तेव्हापासून गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे. बॅटरी उतरली आहे, त्यामुळे मी पेटत नाही. प्लेटवर धूळ बसलीय, टायरांतून गवत आलंय. दीपेशचं काय झालं, शितल कॉलेजला जाते की वाडीत चिकू निवडते, मला कोणी सांगत नाही. एकदा ती इथे आली होती, आईसोबत, जबाबाला. जाताना गाडीच्या मागे आली, ओढणीने प्लेट पुसली आणि आकडे पुन्हा एकदा वाचले. भर दुपार होती. मी नसतो तरी तिला ते दिसलेच असते.

पाऊस झाला की माझ्या खाचेत पाणी शिरतं, आता तार फार दिवस टिकायची नाही. म्हणून जे सांगायचं ते सांगून टाकतो. दिवे पांढरे लावा, पिवळे लावा, माझं काही म्हणणं नाही. पण गाडी घरी आणलीत की खाली उतरा आणि एकदा मागे जाऊन बघा. दीपेशच्या वाडीत ते अंतर सात पावलांचं होतं.