पान तीनशे बारावरचा तक्ता

मी पंचशील. १९९९ साली इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात मी सिस्टिम इंजिनिअर होतो. म्हणजे कॉम्प्युटर अडला की तो बंद करून परत चालू करणारा माणूस. पाटी मात्र दारावर इंग्रजीत होती, आणि ती मी रोज रुमालानं पुसायचो.

माझे बाबा, भाऊराव, त्याच कारखान्याच्या गेटवर गार्ड होते. आधी ते इंदूरच्या मिलमध्ये विणाई खात्यात जॉबर होते. तीस माग त्यांच्या देखरेखीखाली चालायचे. मिलला कुलूप लागलं, दोन वर्षं ते नंदा नगरच्या घरात नुसते बसले, आणि मग त्यांनी खाकी चढवली.

आमचं नातं कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हतं. ही अट बाबांचीच. "तू साब आहेस. गेटवाल्याचा पोरगा म्हटलं की लोक ऐकणार नाहीत." मी खूप विरोध केला असं सांगायला मला आवडलं असतं. मी "ठीक आहे" म्हणालो, आणि तेही जरा लवकरच म्हणालो. तेव्हापासून ते मला रोज गेटवर सलाम ठोकायचे आणि मी मान हलवून आत जायचो. घरी आई, मंजुळा, हे ऐकून कपाळाला हात लावायची.

त्या वर्षी जर्मनीतल्या एका गिऱ्हाइकानं कळवलं की यापुढे सगळा व्यवहार ई-मेलवर होईल. आमचे जनरल मॅनेजर प्रतापराव माझ्या केबिनमध्ये आले.

"पंचशीलजी, होऊन जाईल ना?"

"एक रविवार द्या सर," मी खुर्ची फिरवत म्हणालो.

आमच्या सर्व्हरवर एकाच कंपनीचे पाच प्रोग्राम होते. एक माहिती साठवणारा डेटाबेस, एक मेल सांभाळणारा, आणखी तीन. पाचही एकाच खोक्यातून आलेले, म्हणून त्यांचं आपसात जमतच असणार, अशी माझी समजूत. एका घरातल्या माणसांचं किती जमतं हे मला माहीत होतं, तरीही. खोक्यात चारशे पानांचं पुस्तक होतं. कोणत्या प्रोग्रामची कोणती आवृत्ती दुसऱ्या कोणत्या आवृत्तीबरोबर चालते, याचा तक्ता त्यात होता. ते पुस्तक मी मॉनिटर उंच करायला त्याच्याखाली ठेवलं होतं.

रविवारी मी मेलची नवी आवृत्ती टाकायला घेतली. मध्येच पडद्यावर प्रश्न आला: यासाठी डेटाबेसही नवा करावा लागेल, करू का? मी 'हो' दाबलं. मग अजून काहीतरी लांबलचक इंग्रजी आलं. तिथेही 'हो' दाबलं. संध्याकाळी मी स्वतःला एक मेल पाठवला, 'अभिनंदन'. तो लगेच आला. मी खूश होऊन घरी गेलो. बाकीचं काही तपासलं नाही.

बाकीचं म्हणजे मुख्यतः गेट. कामगारांची हजेरी घेणारा प्रोग्राम त्याच डेटाबेसवर चालायचा. तो लिहिणारा माणूस केव्हाच अमेरिकेला गेला होता, आणि त्याच्या प्रोग्रामला फक्त जुना डेटाबेस कळायचा. गेटचं मशीन कार्डांची यादी डेटाबेसमधून रोज पहाटे नव्यानं उचलायचं, म्हणून रविवारी रात्रीपर्यंत सगळं नीट चाललं होतं.

सोमवारी मी कौतुक गोळा करायला सकाळी सातलाच पोचलो. गेटबाहेर तीनशे माणसं उभी होती. आत रात्रपाळीचे नव्वद जण बाहेर पडायला उभे होते. कार्ड घासलं की मशीनवर लाल दिवा लागत होता, आणि फिरता दांडा जागचा हलत नव्हता. बाजूच्या लहान दरवाजात बाबा ताठ उभे होते.

"चाचा, जाने दो यार!" लोक ओरडत होते.

"ऑर्डर नाही," बाबा म्हणत होते.

ऑर्डर माझीच होती. तीन महिन्यांपूर्वी मीच सर्क्युलर काढलं होतं: हिरवा दिवा लागल्याशिवाय कोणालाही, अधिकारी असो वा कामगार, आत वा बाहेर सोडू नये. 'अधिकारी' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, कारण त्यामुळे सर्क्युलर वजनदार वाटत होतं.

मी गर्दीतून पुढे घुसलो. "मला जाऊ द्या, मशीन ठीक करायचंय."

"कार्ड लावा, साब."

लावलं. लाल.

"सर्व्हर आत आहे," मी दबक्या आवाजात म्हटलं. "मी आत गेल्याशिवाय हिरवा लागणारच नाही."

"आणि हिरवा लागल्याशिवाय तुम्हाला आत जाता येणार नाही," बाबा म्हणाले. "तुमचीच सही आहे, साब."

मागून कोणीतरी हसलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाबा, सोडा ना प्लीज!"

पुढे उभा असलेला रामभाऊ, बाबांबरोबर मिलमध्ये असलेला म्हातारा फिटर, डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागला. "अरे भाऊराव, हा तुमचा पंचू? चड्डीत मिलच्या गेटवर डबा घेऊन यायचा तो?"

बाबांचा चेहरा पडला. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लाज वाटली असावी, कारण ती गोष्ट त्यांनी दोन वर्षं जपली होती. मग ते हळूच म्हणाले, "हो. माझाच आहे." आणि जरा जोरात, "पण सर्क्युलर सर्क्युलर आहे."

तीनशे माणसं हसली. मीही हसलो असं म्हणतो. खरं तर मी जमिनीकडे बघत होतो.

शेवटी प्रतापराव आले आणि लहान दरवाजा उघडला. हजेरीची अडचण आलीच नाही. बाबांनी पावणेसातपासून जो जो आला त्याचं नाव आणि वेळ एका जुन्या वहीत लिहून ठेवली होती.

दिवसभर मी झगडलो. जुना डेटाबेस परत टाकला की गेट चालायचं आणि मेल मरायचा. नवा टाकला की मेल जिवंत आणि गेट ठप्प. दुपारी बंगलोरच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "सर, पेज तीन सौ बारह का टेबल देखा आपने?" मी मॉनिटर उचलला, पुस्तक काढलं. तक्त्यात नवा मेल आणि जुना डेटाबेस यांच्या चौकटीत एक छोटी फुली होती, म्हणजे दोन्ही एकत्र चालत नाहीत.

उपाय एकच होता. जुना डेटाबेस आणि गेट वेगळ्या कॉम्प्युटरवर हलवायचं. कारखान्यात रिकामा कॉम्प्युटर एकच होता, माझ्या टेबलावरचा. प्रतापराव म्हणाले, "तर मग तोच न्या." तो दर पाळीला हातानं चालू करावा लागायचा, म्हणून त्याच्याबरोबर मीही गेलो. गेटजवळच्या पत्र्याच्या खोलीत, बाबांच्या शेजारच्या स्टुलावर. नवा हजेरी प्रोग्राम येईपर्यंत चार महिने.

पहिले काही दिवस आम्ही एकमेकांशी बोललोच नाही. मग एकदा दुपारी चहा पिताना बाबांनी विचारलं, "नेमकं झालं काय होतं, मला सांग तरी."

मी सांगितलं. तक्त्यासकट.

"पुस्तकात लिहिलं होतं?"

"हो."

"आणि तू वाचलं नाहीस?"

"नाही."

त्यांनी बशीत आणखी चहा ओतला. "मी एकदा जपानी मागाचा गिअर देशी मागाला बसवला होता," ते म्हणाले. "बसत नव्हता, तर हातोडीनं बसवला. सहा माग दोन दिवस बंद."

"मग?"

"मग काय? दुसऱ्या पाळीवर ढकललं." ते हसायला लागले, आणि चहा खाकी शर्टावर सांडला. "तुझ्या आईलापण माहीत नाही. खबरदार सांगशील तर."

नवा प्रोग्राम आला, मला केबिन परत मिळाली. कामगार मला आता सर म्हणत नाहीत, 'भाऊरावचा पंचू' म्हणतात, आणि बाबांच्या भीतीच्या उलट, माझं ऐकतातही. चारच्या चहाला मी अजून खाली गेटवर जातो. तिथे माझं काही काम नसतं, हे बाबांनी मला दोनदा सांगून झालंय.