जत्रेच्या दिवशीचं पाणी

बाबा पंचायतीचे वॉटरमन होते. नळ सोडायचे, गटारीचे चेंबर साफ करायचे. मागच्या कार्तिकात बाटल्या धुणाऱ्या कारखान्यासमोरच्या चेंबरात ते उतरले आणि बाटल्या धुवायच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं त्यांचे पाय भाजले. जखमा चिघळल्या. मार्गशीर्षात ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर मधुमेह असं लिहिलंय. साखर होतीच, म्हणून मी त्यावर भांडले नाही.

चैत्रातल्या ग्रामसभेला मात्र गेले. कारखान्याचं पाणी गावच्या गटारीत सोडायचा परवाना त्या दिवशी नवा होणार होता. पंचायतीचे अधिकारी महाबळेश्वर यांनी तपासणीचा अहवाल वाचला. पाण्यात दोष नव्हता.

मी कागद मागून घेतला, नमुन्याची तारीख पाहिली. माघ पौर्णिमेची होती.

"माघ पौर्णिमेला उळवीच्या जत्रेत कोण कोण होतं?"

अर्ध्याहून जास्त हात वर झाले. कारखान्याचे मॅनेजर दत्तप्रसाद यांचाही.

"मग बाटल्या कोण धूत होतं?"

"देवच धूत आसंल," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

महाबळेश्वरांचा चेहरा उतरला. त्यांनी लबाडी केली नव्हती. "रस्त्यावर एक जीप नव्हती," ते हळू म्हणाले. "झाकण काढायला बरं पडलं. कारखाना बंद आसंल हे डोक्यातच आलं न्हाई."

शेजारच्या तारामावशी उठल्या. त्या कारखान्यात बाटल्या तपासतात. "पल्लवी, परशूभावजी गेल्याचं दुःख आमालाबी हाय. पण परवाना अडला तर आमी काय करायचं?"

"मावशी, काम थांबवा म्हणत नाही. पाणी टाकीत साठवा, आम्ल घालून त्यातला खार मारा, मग सोडा. आणि पंचायतीनं चालू कामाच्या दिवशी, न कळवता नमुना घ्यावा."

"टाकीला दोन महिने लागतील, अक्का," दत्तप्रसाद म्हणाले. "तोवर?"

"तोवर टँकरनं उचला."

"तुमचे बाबा असे अडून बसले नसते."

"नसते. म्हणून तर उतरले."

महाबळेश्वरांनी पेनाला टोपण लावलं. "आत्ता कारखाना चालू हाय काय?"

"व्हय," तारामावशीच म्हणाल्या.

सगळी सभा चालत तिकडे गेली. नवे वॉटरमन विनोद पँट दुमडू लागले. मी त्यांचा दंड धरला. बाटली काठीला बांधून चेंबरात सोडली. खार दाखवणारी पट्टी पाण्यात बुडवताच गर्द निळी झाली. महाबळेश्वरांनी ती दत्तप्रसादांसमोर धरली, मग कारखान्याच्या नळीची झडप फिरवून बंद केली आणि तिला पंचायतीचं कुलूप घातलं.

दत्तप्रसाद बाजूला जाऊन टँकरवाल्याला फोन लावत होते.

"आमी उद्या येऊ न्हवं?" तारामावशींनी त्यांना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुलूप ओढून बघत होते.

"या," ते म्हणाले. "टाकीचा खड्डाबी उद्याच मारायला घेतो."

"किती वाजता?" मी विचारलं.