आधीचं नाणं

तिने नाणं कडेने धरलं आणि दिव्याखाली जरासं तिरकं केलं. सालातला शेवटचा आकडा उजळला. त्याच्या पाठीला चिकटून आणखी एक आकडा उभा होता.

"काय दिसतं?" पारखीकाकांनी विचारलं.

"दोन दिसतात."

"चष्मा काढला की मला सगळंच दोन दिसतं. कसे दोन, ते सांगा."

तिने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. जुन्या नाण्यांचं हे दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आलं की काकांना पाय आत घ्यावे लागत. लायब्ररीतली नोकरी संपल्यावर ती पहिल्यांदा इथे आली, ती हेच नाणं घेऊन. काकांनी तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. "मी सांगितलं तर तुम्हाला आयुष्यभर शंका राहील. आधी शिका, मग तुम्हीच सांगा," म्हणाले होते. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी ती त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसत होती. तबकातली नाणी एकेक करून चाळत होती. नाणं झिजलं की आकडा सपाट होत जातो आणि नाणं पाडणारा ठसा झिजला की आकडा सुजतो, एवढं आता तिच्या बोटांनाही कळायला लागलं होतं.

"कडा मऊ आहेत," ती सावकाश म्हणाली. "पसरल्यासारख्या. पण नक्की सांगता येत नाही."

"शाबास. नक्की सांगता येत नाही, हे सांगायलाच लोकांना फार वर्षं लागतात." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघा. टांकसाळीची खरी चूक म्हणजे ठसा घडवतानाच आकडा त्यावर दोनदा बसलेला. मग त्या ठशाचं पहिलं नाणं घ्या नाहीतर शेवटचं, दोनच दिसणार. पण धडधाकट ठसासुद्धा ठोके खाऊन खाऊन थकतो हो. कडा फुगतात, सावली पडते. लोकांना तीच चूक वाटते आणि माझं डोकं खायला येतात."

"मग ओळखायचं कसं?"

"त्याच ठशाचं आधीचं नाणं मिळालं तर." त्यांनी काडीच्या टोकाने नाण्यावरचं पान दाखवलं. पानाच्या देठापासून कडेपर्यंत केसाएवढी बारीक रेघ उठून आली होती. "ठशावर ओरखडा पडला की नाण्यावर अशी रेघ उठते. नेमकी हीच रेघ, इथेच, ज्या नाण्यावर असेल ते याचं सख्खं भावंड. पण शोधायचं कुठे? गवतात सुई."

ती नाणं फडक्यात गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"एक आहे, त्याच थैलीतलं," ती म्हणाली. "बहिणीकडे."

"मग करा की फोन. अडलंय कुठे?"

तिने फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा त्याच रेषेवर घातली.

वडील बँकेत कॅशियर होते. नव्या नाण्यांची थैली फुटली त्या दिवशी त्यांनी दोघी मुलींसाठी एकेक कोरं नाणं आणलं होतं. थोरलीच्या, म्हणजे तिच्याच, नाण्यावर आकड्याची सावली निघाली. घरी कोणी आलं की ते कौतुकाने दाखवायचे, "हिचं लाखात एक आहे. टांकसाळीची चूक आहे ही." तेवढ्यात धाकटी पाणी प्यायला उठून आत जायची.

पुढे आईचं अंथरुणातलं सगळं थोरलीने केलं, वर्षानुवर्षं. एका दुपारी धाकटी गाडी घेऊन आली आणि म्हणाली, आईला मी नेते, तू जरा झोप काढ. थोरलीच्या हातात ओली चादर होती. ती म्हणाली, "ने. पण मग मला बोलवू नकोस. शेवटालासुद्धा."

धाकटीने तो शब्द पाळला. आई गेल्याचं थोरलीला सगळं उरकल्यावर कळलं, तेही शेजारणीकडून. त्यानंतरच्या तीन वर्षांत दोघींपैकी कोणीच फोन उचलून नंबर फिरवला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने फिरवला.

"मी बोलतेय."

"कळलं."

"बाबांनी दिलेलं नाणं आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. का?"

"बघायचं होतं."

"फोटो पाठवते."

"फोटोत नाही कळत."

पलीकडे नळ वाहत होता, तो बंद झाला. "रविवारी येते," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी ती आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स मांडीवरच. पर्समधून तिने चष्म्याचं एक जुनं घर काढलं. त्याची बिजागरी दोऱ्याने बांधलेली होती. तो दोरा थोरलीनेच कधीतरी आईसाठी बांधला होता. आतलं नाणं थोरलीने अलगद काढून घेतलं आणि टेबलावरच्या कापडावर आपल्या नाण्याशेजारी ठेवलं.

आधी तिने पान पाहिलं. देठापासून कडेपर्यंत तीच केसाएवढी रेघ. मग साल पाहिलं. शेवटचा आकडा एकटा होता, कडा कालच कापल्यासारख्या. ती आपल्या नाण्याकडे वळली, पुन्हा बहिणीच्या नाण्याकडे आली. मग तिने भिंग खाली ठेवलं.

"काय झालं?"

"इकडे ये. तूच बघ."

"मला काही दिसत नाहीये."

"भिंग डोळ्याशी धर, नाण्याशी नको."

"अगं, पापणी लागते."

"लागू दे."

धाकटी वाकली. बराच वेळ या नाण्यावरून त्या नाण्यावर जात राहिली. "माझ्यावर एकच आकडा आहे," ती म्हणाली. "म्हणजे बाबांचं खरंच होतं. तुझंच वेगळं." हे म्हणताना तिचा आवाज थेट लहानपणीचा झाला.

"नाही. ती बारीक रेघ बघ, दोन्हींवर आहे. ठसा एकच आहे. तुझं आधी पडलेलं, माझं नंतर. मुळात चूक असती तर तुझ्यावरही दिसली असती."

"मग तुझ्यावर हे काय आहे?"

"काही नाही. तोवर ठसा थकला होता."

धाकटीने मान वर केली. "म्हणजे याची किंमत काहीच नाही?"

"वाण्याकडे चालेल तेवढी."

"आणि मी इतकी वर्षं उगाच जळत बसले."

"जळायचीस?"

"मग काय, मला काय सारखी तहान लागायची?"

थोरलीला हसू आलं, ते लपवायला ती चहा टाकायला उठली. कप घेऊन परत आली तेव्हा धाकटी पुन्हा भिंगावर वाकलेली होती. आता ती फक्त थोरलीचं नाणं पाहत होती.

"ताई, ठसा थकल्यावर काय करतात गं?"

"बदलतात. दुसरा लावतात."

"वेळेवर?"

"कधी उशीर होतो."

धाकटीने डोळा भिंगावरून काढला नाही. "आधीच यायला हवं होतं मी," ती म्हणाली. "खूप आधी."

थोरलीने कप तिच्या हाताशी सरकवला. कपाचा कान तिच्याकडे वळवून ठेवला. "आली होतीस की," ती म्हणाली. "मीच नीट पाहिलं नाही."

चहा निवत गेला. बऱ्याच वेळाने धाकटी उठली. पर्स खांद्याला लावली, कापडावरून एक नाणं उचललं आणि चष्म्याच्या घरात टाकलं.

थोरलीला भिंगाची गरज नव्हती. कापडावर उरलेल्या नाण्याचा आकडा एकटा आणि धारदार होता.

"अगं, ते..."

"काय?"

"काही नाही. नीट ठेव."

धाकटी दारात खाली बसून चपलेचा पट्टा लावत होती. तो पटकन लागत नव्हता. मान वर न करता ती म्हणाली,

"बदलून न्यायला येईन ना मी. तू घरी असशील?"