उथळ वाटी

सायकलवर टांग टाकताना आत काहीतरी टक्कन वाजलं. एवढंच. सित्स्केनं दचकून मागच्या चाकाकडे पाहिलं. तिला वाटलं, साखळी असेल. साखळी नव्हती, मी होते.

मी तिच्या डाव्या खुब्याची वाटी. मांडीच्या हाडाचा गोळा माझ्यात फिरतो. त्याला नीट कुशीत घेणं हे माझं काम, पण मी जन्मापासूनच उथळ. गोळा अर्धामुर्धा उघडा राहतो आणि सगळा भार माझ्या एका कडेवर येतो. लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तरी कुठे कळत होतं? पलीकडे उजवी वाटी आहे म्हणतात, पण तिची-माझी कधी भेट नाही.

मग कडेची मऊ किनार फाटली, आणि मी हाका मारू लागले. माझी हाक म्हणजे कळ. दुसरी भाषा मला येत नाही. जांघेत कळ उठली की सित्स्के भिंत धरायची, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघायची.

सायकलवर मात्र तिचा भार सीटवर जाई आणि मला जरा उसंत मिळे. म्हणून पलीकडच्या गल्लीतल्या पावाच्या दुकानातसुद्धा ती सायकलनंच जाऊ लागली. तिचं लंगडणं कुणाला दिसणारच कसं? सगळं ग्रोनिंगन शहर सायकलवर, इथे कोण कुणाला चालताना बघतं!

तिनं गावी आईला फोन केला. आईचा, म्हणजे बाउक्येबाईंचा, गाईगोठ्याचा व्याप मोठा.

"सायकल मारतेस ना अजून?"

"मारते गं, पण..."

"मग झालं तर! माझ्या गाई तुझ्याहून जास्त लंगडतात, त्या करतात का फोन?"

सित्स्के हसली. नंतर तिनं दुखण्याबद्दल आईला कधी सांगितलं नाही.

तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही दवाखान्याच्या खिडकीतून तिला सायकलवर येताना पाहिलेलं. "वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणत आलात की! पॅरासिटामॉल घ्या, थोडं थांबून बघू." ती "बरं" म्हणाली. मी आत ओरडत होते.

मग एकदा रस्त्यांवर बर्फाची काच धरली आणि तिला दवाखान्यात पायी जावं लागलं. डॉक्टर दारातच उभे होते.

"अहो, हे असं कधीपासून चालताय?"

सित्स्केच्या डोळ्यांत पाणी आलं.

खुब्याचे एक्स-रे काढले. हाडांच्या सर्जन टेर हॉर्स्टबाईंनी मला पडद्यावर बोटानं दाखवलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी नीट पाहत होतं.

"नवा सांधा बसवणार?" सित्स्केनं विचारलं. मी गारठले.

"एवढ्या तरुण वयात? तो झिजला की पुन्हा बदलत बसायचं. तुमची कूर्चा, सांध्यातलं गुळगुळीत अस्तर, अजून चांगली आहे, तुमचाच सांधा वाचवू. दुर्बिणीनं नुसती किनार शिवता येते, पण वाटी उथळच राहिली तर टाके उसवतील. त्यापेक्षा वाटीभोवतीचं हाड कापायचं, ती गोळ्यावर नीट झाकेल अशी वळवायची आणि स्क्रूंनी बसवायची. मोठं काम आहे. पण कूर्चा झिजेपर्यंत थांबलात, तर हा रस्ता बंद, मग नवा सांधाच."

"आणि नंतर?"

"बरेच आठवडे कुबड्या. घरी कोण असतं?"

"मी एकटीच. आणि वर जायला उभा जिना."

"त्या जिन्यावर एकटीनं नाही जमायचं. सोबत कोण ते ठरवा, मग तारीख देते."

सित्स्के घरी आली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसून राहिली. ऑफिसातल्या मैत्रिणी होत्या, पण त्यांच्याशी कॉफी प्यायची तरी आधी डायरीत दिवस शोधावा लागतो. मला उचलून बसव, आंघोळ घाल, असं कुणाला सांगणार?

तिनं आईचा नंबर लावला. वाजत राहिला. तिनं कापला, पुन्हा लावला. उचललाच नाही तर परत करण्याचा धीर तिला होणार नाही, हे मला तिच्या अवघडलेल्या बसण्यावरून कळत होतं.

कुणी ऐकत असाल तर माझं एवढंच मागणं आहे. मला काढून टाकू नका. मी वाईट नाही हो, फक्त कमी खोल आहे. जरा वळवलंत तर जन्मभर हा गोळा सांभाळीन.

फोन वाजतच होता. मग मागे गाईंचं हंबरणं ऐकू आलं.

"सित्स्के? अगं, गोठ्यात होते. रडतेस का तू? बोल बाळा, आहे मी."